लीन उत्पादन आणि जस्ट-इन-टाइम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॉप फ्लोअर, प्लॅनिंग आणि स्टोअर सांभाळणारे लोक आणि ऑपरेशन्स शिकणारे विद्यार्थी जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आकडेमोड सगळीकडे एकाच नमुना लाइनची आहे: दिवसाला २ शिफ्ट, प्रत्येक शिफ्टमध्ये निव्वळ ४२० मिनिटं काम आणि रोजची मागणी ७०० नग. त्यामुळे एका उत्तरातला आकडा दुसऱ्या उत्तरात तपासून पाहता येईल.

१. लीन म्हणजे नेमकं काय? आणि जस्ट-इन-टाइम वेगळं की तेच?

ग्राहकाला हवं ते, हवं तेव्हा, हवं तेवढंच बनवायचं आणि त्यात न लागणारी कामं एकेक करून काढत जायची, म्हणजे लीन. हा शब्द जॉन क्राफचिक यांनी १९८८ साली एका लेखात वापरला. पद्धत मात्र त्याआधीची, टोयोटाची. तिचे खांब दोन. पहिला जस्ट-इन-टाइम: लागेल तो माल, लागेल तेव्हा, लागेल तेवढाच. ही कल्पना किइचिरो टोयोडा यांची, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाचे ताइइची ओनो यांनी ती मशीन शॉपमध्ये प्रत्यक्षात आणली. दुसरा खांब जिदोका: चूक झाली की यंत्रानं किंवा माणसानं तिथेच थांबायचं. त्याचं मूळ साकिची टोयोडा यांच्या मागात आहे. धागा तुटला की तो माग आपोआप थांबायचा, म्हणून खराब कापड विणलं जात नसे.

बरेच कारखाने पहिला खांब उचलतात आणि दुसरा विसरतात. साठा नसताना खराब माल पुढे गेला तर पुढचं स्टेशन लगेच बंद पडतं, म्हणून जिदोकाशिवाय जस्ट-इन-टाइम टिकत नाही (प्रश्न १० पाहा).

२. साठा कमी केला की जस्ट-इन-टाइम झालं ना?

नाही, आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. 'पुढच्या महिन्यापर्यंत साठा निम्मा करा' असा आदेश निघतो, स्टोअर रिकामं होतं, आणि दोन आठवड्यांत लाइन माल नाही म्हणून उभी राहते. मग घाईघाईनं जादा मालवाहतूक, ओव्हरटाइम, आणि साठा पुन्हा पूर्वीपेक्षा जास्त.

प्रत्येक साठ्यामागे कारण असतं. प्रेसपुढच्या ढिगामागे लांबलेला सेटअप (एका पार्टवरून दुसऱ्यावर जाताना मशीनची करावी लागणारी तयारी) असतो. हीट ट्रीटमेंटच्या मागे पडलेला माल भट्टीच्या बॅचमुळे असतो. स्टोअरमधले पंधरा दिवसांचे बेअरिंग पुरवठादार कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून असतात. 'असू दे, लागेल' म्हणून ठेवलेल्या बिनमागे (बिन म्हणजे पार्ट ठेवायचा डबा) बहुतेक वेळा रिजेक्शनची भीती असते. तेव्हा आधी प्रत्येक ढिगाचं कारण लिहून काढा, मग ते कारण कमी करा, आणि जितकं कमी होईल तितकाच साठा उतरवा. उतरवतानाही एका वेळी एक बिन किंवा एक कानबान कार्ड (प्रश्न ६) काढा आणि आठवडाभर बघा की काय अडतं. जे अडेल ते पुढचं काम.

३. सात प्रकारच्या अपव्ययांपैकी आधी कोणता धरायचा?

ओनोंनी मांडलेले सात असे: जादा उत्पादन, वाट पाहणं, वाहतूक, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि दोष. माणसाची बुद्धी न वापरणं हा आठवा म्हणून नंतर जोडला गेला.

आधी जादा उत्पादन धरा, कारण बाकीचे बरेचसे त्यातून जन्मतात. आज न लागणारे ५०० नग बनवले की ते ठेवायला जागा लागते, हलवायला ट्रॉली लागते, मोजायला माणूस लागतो, आणि त्यातला दोष सापडेपर्यंत सगळे ५०० बनून गेलेले असतात.

पण फक्त अपव्ययाच्या, म्हणजे मुदाच्या मागे लागू नका. जपानी पद्धतीत त्याच्याबरोबर मुरा म्हणजे चढउतार आणि मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर पडणारा अतिभार हेही असतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निम्मा माल निघत असेल तर तो मुरा आहे. त्यातून अतिभार येतो, आणि अतिभारातून दोष आणि ब्रेकडाउन. अशा ठिकाणी नुसती अपव्ययाची यादी करून हाती फारसं लागत नाही. त्याचा उपाय प्रश्न ८ मध्ये आहे.

४. टॅक्ट टाइम कसा काढायचा? ब्रेकडाउनचा वेळ वजा करायचा का?

टॅक्ट टाइम म्हणजे उपलब्ध वेळ भागिले मागणी. आपल्या लाइनवर एका शिफ्टची ४२० मिनिटं म्हणजे २५,२०० सेकंद, आणि शिफ्टची मागणी ३५० नग. २५,२०० भागिले ३५० म्हणजे ७२ सेकंद. दर ७२ सेकंदाला एक नग बाहेर पडायला हवा.

जेवणाची सुट्टी, चहा, शिफ्टच्या सुरुवातीची बैठक, ठरलेली साफसफाई हे सगळं आधीच वजा करा. ब्रेकडाउन आणि रिजेक्शन मात्र टॅक्टमधून वजा करू नका. टॅक्ट हा ग्राहकाचा वेग आहे, आपल्या अडचणींचा नाही. अडचणींसाठी वेगळा आकडा काढा, त्याला नियोजित सायकल टाइम म्हणा. लाइन ९०% वेळ चालत असेल तर ७२ गुणिले ०.९, म्हणजे सुमारे ६५ सेकंद. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहिले की अडचणींची किंमत रोज सगळ्यांना दिसते: प्रत्येक नगामागे ७ सेकंद.

माणसं मोजताना नियोजित सायकल टाइम घ्या. एका नगाचं हातानं करायचं काम ३०० सेकंदांचं असेल तर ३०० भागिले ६५ म्हणजे ४.६, म्हणजे पाच ऑपरेटर. इथे एक नेहमीची चूक होते: काम पाच जणांत ६०-६० सेकंद सारखं वाटलं जातं. दिसायला न्याय्य, पण प्रत्येकाचे ५ सेकंद कुठेतरी विरून जातात. त्याऐवजी चौघांना पूर्ण ६५ सेकंदांचं काम द्या आणि पाचव्याकडे ४० ठेवा. मग सुधारणेचं लक्ष्य स्पष्ट दिसतं: कामातले आणखी ४० सेकंद काढले की ही लाइन चौघांत चालते.

५. मग पाचव्या ऑपरेटरचं काय? लीन म्हणजे माणसं कमी करणं का?

मोकळ्या झालेल्या माणसाला घरी पाठवलं तर त्या दिवसापासून तुम्हाला एकही सुधारणा कोणी सांगणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. मोकळा झालेला माणूस सेटअप कमी करण्याच्या टीमला, देखभालीला किंवा नव्या लाइनला द्यायचा, हे आधी ठरवा, जाहीर करा आणि पाळा. शक्यतो अनुभवी ऑपरेटरच बाहेर काढा. त्याचं लाइनवरून निघणं बढती वाटलं पाहिजे.

६. कानबान कार्डं किती ठेवायची?

कानबान म्हणजे बिनबरोबर फिरणारं कार्ड: बिन वापरायला घेतलं की ते मागे जातं आणि तेवढाच माल पुन्हा मागवतं. सूत्र सोपं आहे: रोजची मागणी गुणिले भरपाईचा वेळ (दिवसांत) गुणिले (१ अधिक सुरक्षा गुणांक), भागिले एका बिनमधले नग.

मशीनिंग सेलमध्ये बनणारा एक पार्ट घेऊ. प्रत्येक नगात तो दोन लागतो, म्हणजे रोज १,४०० पार्ट. बिनमध्ये ६० बसतात, सुरक्षा २०%, भरपाईचा वेळ अर्धा दिवस. १,४०० गुणिले ०.५ गुणिले १.२, भागिले ६०. उत्तर १४ कार्डं.

सूत्र कोणीही लावतं. चुकतो तो भरपाईचा वेळ. लोक फक्त मशीनवरचा वेळ धरतात. खरं चक्र बिनमधला पहिला पार्ट उचलून कार्ड पेटीत टाकलं त्या क्षणी सुरू होतं आणि भरलेलं बिन परत जागेवर आलं की संपतं. आपल्या उदाहरणात दिवसाचे १४ तास काम चालतं, त्यातला अर्धा दिवस म्हणजे ७ तास. ते असे: पेटीतून कार्ड उचलण्याची फेरी दोन तासांनी, म्हणून २ तास, मशीनपुढच्या रांगेत ३ तास, सेटअप आणि प्रत्यक्ष काम १ तास, बिन परत येईपर्यंत १ तास. सातापैकी सहा तास कार्ड किंवा बिन नुसतं थांबलेलं किंवा प्रवासात आहे. फेरी दोन तासांऐवजी तासाभरानं केली तर एकही मशीन न घेता दोन कार्डं कमी होतात.

बिन लहान केलं, समजा ३० नगांचं, तर कार्डं २८ होतात. एकूण साठा तेवढाच, पण माल छोट्या घासांत फिरतो आणि रांगेतला वेळ पुढे कमी करता येतो. ज्या प्रक्रियेत सेटअपमुळे मोठी बॅच काढावीच लागते, तिथे हे सूत्र जसंच्या तसं लावू नका. तिथे त्रिकोणी कार्ड वापरतात: साठा ठरलेल्या बिनपर्यंत उतरला की त्या बिनवर लटकवलेलं कार्ड मशीनकडे जातं आणि पूर्ण बॅच सुरू होते. बॅचचं माप प्रश्न ७ मधून येतं.

स्क्रू, वॉशर, क्लिप यांच्यासाठी कार्डंही नकोत. दोन बिन ठेवा. पहिलं संपलं की रिकामं बिन हीच मागणी.

७. आमचा सेटअप मोठा आहे, लहान बॅच परवडतच नाही. काय करायचं?

सेटअप लहान करायचा. ही टोलवाटोलवी नाही, जस्ट-इन-टाइमचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे.

आधी हिशोब. एका प्रेसवर ६ पार्ट बनतात. दिवसाचे १४ तास. त्यातले ब्रेकडाउन धरून साडेअकरा तास पार्ट काढण्यात जातात. उरले १५० मिनिटं. डाय (पार्टला आकार देणारा साचा) बदलायला ७५ मिनिटं लागत असतील तर दिवसात दोनच बदल होतात, म्हणून सहा पार्टची फेरी तीन दिवसांनी पूर्ण होते. रोज १,४०० लागणारा पार्ट मग ४,२०० च्या बॅचनं काढावा लागतो, म्हणजे ६० च्या मापानं ७० बिन. तोच बदल १५ मिनिटांत झाला तर दिवसात दहा बदल होतात, फेरी ०.६ दिवसाची, बॅच ८४० ची आणि बिन १४. मशीन तेच, माणसं तीच.

वाचलेला वेळ जादा नग काढण्यात घालवू नका, जास्त वेळा डाय बदलण्यात घाला. इथेच बहुतेक प्रकल्पांचा फायदा वाया जातो.

पद्धत जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांची. मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं आणि मशीन चालू असताना उरकता येणारी कामं वेगळी काढायची. १९६९ साली टोयोटातल्या १,००० टनी प्रेसचा सेटअप चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आला तो याच विचारानं. पायऱ्या अशा:

- एक पूर्ण डाय बदल व्हिडिओवर घ्या: शेवटच्या चांगल्या नगापासून पुढच्या पहिल्या चांगल्या नगापर्यंत. मधले ट्रायलचे नगही यातच.
- ऑपरेटरबरोबर बसून प्रत्येक हालचाल लिहा. पाना आणायला टूल रूममध्ये गेला, क्रेन दुसरीकडे होती म्हणून थांबला, क्लॅम्प सापडेना. हे सगळं मशीन चालू असताना व्हायला हवं होतं. नुसत्या तयारीच्या ट्रॉलीनं वेळेचा मोठा तुकडा निघतो.
- मग बंद मशीनवरची कामं बघा. बोल्ट नीट पाहा: पंधरा आटे फिरवले जातात, पण पकड शेवटच्या एका फेऱ्यात बसते. आधीचे चौदा नुसता वेळ खातात. यू आकाराचा वॉशर, उघडी खाच किंवा एकाच मापाचे क्लॅम्प लावा.
- शेवटी अ‍ॅडजस्टमेंट. शिंगोंच्या मते जुन्या सेटअपमधला सुमारे निम्मा वेळ ट्रायल आणि अ‍ॅडजस्टमेंट खातात. सगळ्या डायची उंची खाली पट्ट्या लावून सारखी करा, मागे स्टॉपर आणि लोकेटिंग पिन द्या. शिम (पातळ पट्टी) घालून 'थोडं वर, थोडं खाली' करावं लागलं की समजा, डायला ठरलेली जागा नाही.

स्वयंचलित डाय बदलाचं यंत्र विकत घ्यायचा विचार या चार पायऱ्या झाल्यावर करा.

८. एका वेळी एकच मॉडेल काढलं की सोपं पडतं. मिसळून का काढायचं?

असेंब्लीला सोपं पडतं, मागच्या सगळ्यांना अवघड. सोमवार-मंगळवार सगळा 'अ', बुधवारी सगळा 'ब' असं चालवलं तर 'ब'चे पार्ट बनवणारा सेल दोन दिवस रिकामा आणि तिसऱ्या दिवशी तिप्पट भारानं धावतो. तो मग साठा करूनच ठेवणार. मॉडेल मिसळून रोजचा भार सारखा ठेवण्याला, म्हणजे समतोलाला, हेइजुन्का म्हणतात.

शिफ्टची मागणी 'अ' २००, 'ब' १००, 'क' ५० असेल तर प्रमाण ४:२:१. क्रम: अ, ब, अ, क, अ, ब, अ, आणि पुन्हा तेच. ७२ सेकंदांचा टॅक्ट आणि १० नगांचं बिन धरलं तर दर १२ मिनिटांनी एक बिन. शिफ्टमध्ये असे ३५ खण होतात. हेइजुन्काच्या पेटीत ३५ खणांत कार्डं लावली की लाइन मागे पडली आहे हे १२ मिनिटांत कळतं, शिफ्ट संपेपर्यंत थांबावं लागत नाही.

९. महागडं मशीन पूर्ण क्षमतेनं चालायलाच हवं ना?

प्रतीक्षेचं गणित याच्या उलट सांगतं. मशीनपुढची रांग वापराच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. ती वापर भागिले शिल्लक क्षमता अशी वाढते. ८०% वापराला हा आकडा ४, ९०% ला ९, ९५% ला १९. म्हणजे ९० वरून ९५ वर गेलात तर उत्पादन थोडं वाढलं आणि रांग दुपटीहून जास्त झाली. कामाच्या वेळेतले चढउतार जितके जास्त तितका हा फटका मोठा.

त्याच्या जोडीला लिटलचा नियम: चालू माल म्हणजे उत्पादनाचा दर गुणिले पार व्हायला लागणारा वेळ. रोज १,४०० पार्ट निघत असतील आणि मध्ये ७,००० पडले असतील, तर आज आत गेलेला पार्ट पाच दिवसांनी बाहेर येणार. कुणी कितीही पाठपुरावा केला तरी हा आकडा हलत नाही. आत माल कमी सोडला तरच तो हलतो.

बॉटलनेक मशीन, म्हणजे सगळ्या लाइनचा वेग ठरवणारं सगळ्यात मंद मशीन, मात्र अपवाद. त्याच्या अलीकडे थोडा साठा मुद्दाम ठेवा.

१०. ऑपरेटरला लाइन थांबवायचा अधिकार दिला तर लाइन दिवसभर बंदच राहील, नाही का?

अँडॉनची, म्हणजे अडचण कळवणाऱ्या दिव्याची, दोरी ओढली की लाइन लगेच थांबते असा समज आहे. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर दोरी ओढल्यावर आधी दिवा लागतो आणि टीम लीडर येतो. नग त्या स्टेशनच्या ठरलेल्या रेषेपर्यंत पोहोचेपर्यंत अडचण सुटली तर लाइन थांबतच नाही. सुटली नाही तरच थांबते.

त्यामुळे खरा प्रश्न दोरीचा नाही, येणाऱ्या माणसाचा आहे. एका टीम लीडरकडे वीस ऑपरेटर असतील तर तो पोहोचेपर्यंत वेळ गेलेला असतो. पाच-सहा जणांमागे एक लीडर, आणि त्याला स्वतःचं ठरलेलं स्टेशन नको. पहिले काही आठवडे थांबे वाढतात. ते वाढत नसतील तर ऑपरेटर घाबरून दोरी ओढत नाहीत असं समजा.

११. फाइव्ह एस म्हणजे साफसफाईच ना?

सेईरी, सेईतोन, सेईसो, सेईकेत्सु, शित्सुके: नको ते काढणं, हवं ते जागेवर ठेवणं, स्वच्छ करणं, नियम ठरवणं, ते पाळणं. उद्देश एवढाच की बिघाड लांबून दिसावा. पुसलेल्या मशीनवर तेलाची गळती त्याच दिवशी कळते. फक्त ऑडिटच्या आदल्या दिवशी केलेल्या रंगरंगोटीचा उपयोग नाही.

१२. कार्डं लावली, पण दोन महिन्यांत सगळं कोलमडलं. का?

कारणं बहुतेक ठरलेली असतात.

कार्ड हरवतात. एक कार्ड खिशात राहिलं की एक बिन कायमचं कमी. दर आठवड्याला कार्डं मोजा, प्रत्येकावर क्रमांक घाला.

कार्ड नसताना माल बनतो. ऑपरेटरचा पगार किंवा बोनस नगांवर असेल तर तो रिकामा बसणार नाही, आणि बसू नये असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे. आधी मोबदल्याची पद्धत बदला.

बिनमध्ये ६० ऐवजी ५४ किंवा ६५ नग भरले जातात. मग कार्डाचा आकडा खोटा ठरतो. बिनमध्ये नगाच्या आकाराचे खण करा, मोजायची गरजच उरत नाही.

खराब नग पुढे जातात. कानबानच्या मूळ नियमांपैकी हा एक आहे: दोषी माल पुढच्या प्रक्रियेला द्यायचा नाही.

आणि शेवटचं, मागणी बदलली तरी कार्डांची संख्या तीच राहते. साधारण १०% पर्यंतचा चढउतार कार्डं स्वतः पेलतात. त्यापलीकडे गेलं की सूत्र पुन्हा लावा. किमान महिन्यातून एकदा तर लावाच.

१३. जस्ट-इन-टाइम म्हणजे आपला साठा पुरवठादाराच्या गळ्यात मारणं, असं आमचे पुरवठादार म्हणतात. खरं आहे का?

तुम्ही महिन्याचा आकडा अचानक बदलता आणि 'रोज चार वेळा आणा' म्हणता, तेव्हा त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. साठा फक्त पत्ता बदलतो आणि त्याची किंमत पुढच्या दरात परत येते.

हे टाळायचं तर तुमची मागणी समतोल हवी (प्रश्न ८), काही आठवड्यांचा अंदाज आधी द्यायला हवा आणि जवळच्या दिवसांचा आकडा गोठवलेला हवा. वाहतुकीसाठी मिल्क रन करा: एकच गाडी ठरलेल्या वेळी चार-पाच पुरवठादारांकडून थोडा थोडा माल उचलते आणि रिकामी बिन परत देते. गाडी भरलेली राहते, तरी प्रत्येकाचा माल रोज येतो.

१४. आमच्याकडे ईआरपी (कंपनीचं सगळं नियोजन चालवणारं सॉफ्टवेअर) आहे. मग कानबान कशाला?

दोन्ही ठेवा, कामं वेगळी द्या. लांबचं नियोजन, क्षमता, पुरवठादारांना अंदाज आणि लांबून येणारा माल यासाठी एमआरपी (ईआरपीमधला मालाच्या गरजेचं नियोजन करणारा भाग) चांगलं. आत्ता या मशीननं काय बनवायचं हे कार्डानं सांगावं. तोच पार्ट एमआरपीची वर्क ऑर्डर आणि कार्ड दोन्हीवर चालला की दुप्पट बनतो; म्हणून कानबानवरच्या पार्टची वर्क ऑर्डर सिस्टिममध्ये बंद करा.

१५. आमच्याकडे शेकडो प्रकार आहेत, काही वर्षातून दोनदाच लागतात. कानबान चालेल?

त्या पार्टना नाही. कानबानमध्ये प्रत्येक प्रकाराचं थोडं तयार ठेवावं लागतं, आणि वर्षातून दोनदा लागणारा पार्ट ठेवणं म्हणजे मेलेला साठा. नियमित खपणारे पार्ट कानबानवर ठेवा, बाकीचे ऑर्डर आल्यावर बनवा. त्यांच्यासाठी कॉनविप वापरता येतं: पार्ट कोणताही असो, आत एकूण ठरावीक कामंच असतील, एक बाहेर पडलं की पुढचं आत. प्रतीक्षा त्यानं आटोक्यात राहते.

१६. आग, भूकंप, बंद रस्ता अशा वेळी जस्ट-इन-टाइम उघडं पडत नाही का?

पडतं. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाचा पुरवठादार आयसिनच्या जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांचा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथेच बनायचा आणि साठा जेमतेम काही तासांचा होता. टोयोटाच्या लाइन एकामागून एक थांबल्या. पण काही दिवसांतच त्या पुन्हा सुरू झाल्या, कारण कित्येक पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवून दिला; त्यात शिवणयंत्रं बनवणारी कंपनीही होती. २०११ च्या भूकंपानंतर टोयोटानं चिपसारख्या, पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागणाऱ्या भागांचा काही महिन्यांचा साठा ठेवायला पुरवठादारांना सांगितलं.

तेव्हा सरसकट नियम लावू नका. प्रत्येक पार्टसाठी विचारा: हा स्रोत आज बंद पडला तर दुसरीकडून माल यायला किती दिवस? उत्तर तासांत असेल तर साठा तासांचा. महिन्यांत असेल आणि दुसरा पुरवठादार नसेल, तर महिन्यांचा साठा ठेवणं हेच शहाणपण. फक्त तो रोजच्या अडचणी झाकायला वापरू नका. वेगळा ठेवा, फिफोनं (आधी आलेला माल आधी वापरून) फिरवा, आणि तो उघडायला वरिष्ठांची सही लागू द्या.

१७. साठा उतरवला, पण त्या तिमाहीत नफा घटलेला दिसला. चूक कुठे झाली?

बहुधा कुठेच नाही. प्रचलित हिशोबात कारखान्याचा स्थिर खर्च नगांवर वाटला जातो आणि न विकलेल्या नगांबरोबर साठ्यात बसतो. समजा स्थिर खर्च महिन्याला १० लाख, उत्पादन आणि विक्री दोन्ही १०,००० नग. प्रत्येक नगावर १०० बसले. साठा उतरवायच्या महिन्यात ८,००० बनवले आणि १०,००० विकले. या महिन्याचे पूर्ण १० लाख खर्चात आले, वर जुन्या साठ्यातल्या २,००० नगांबरोबर आधीच्या महिन्यांचे २ लाखही आले. कागदावर खर्च १२ लाख, म्हणून नफा २ लाखांनी कमी. त्याच महिन्यात २,००० नगांचा कच्चा माल विकत घ्यावा लागला नाही, म्हणून हातात रोख मात्र जास्त उरली.

काम सुरू करण्याआधीच लेखा विभागाबरोबर बसून हे गणित मांडा आणि साठा उतरत असेपर्यंत दर महिन्याच्या अहवालात नफा आणि रोख शेजारी दाखवा. साठा नव्या पातळीवर स्थिरावला, उत्पादन पुन्हा विक्रीइतकं झालं, की हा फरक आपोआप जातो. मधल्या काळात मात्र कोणीतरी 'जुनंच बरं होतं' म्हणून बॅच पुन्हा वाढवण्याची शक्यता खूप असते.